सिलेंडर घरी आलं

बालाघाटात कोणाच्या नावानं बोटं मोडायची असतील तर आधी भाषा शोधावी लागते. हिंदीत मोडावी तर सगळ्या गावाला कळतात. मराठीत मोडावी तर अर्ध्या गावाचं माहेर गोंदिया-तुमसरकडचं, आणि उरलेल्या अर्ध्याची आजी तरी तिकडचीच. इंग्रजीत मोडावी तर ती मोडणाऱ्यालाच पुरत नाही. म्हणून रचना मेश्राम आणि तिच्या दोन मैत्रिणी किराणा सामानात शिव्या द्यायला लागल्या. युक्ती झकास होती. त्याच युक्तीनं रचनाला गोत्यात आणलं, तीच ही गोष्ट.

तिघीही लालबर्रा रोडवरच्या एका खाजगी कॉलेजच्या ऑफिसात कामाला. रचना परीक्षेचं टेबल सांभाळायची, अपेक्षा लायब्ररीत होती आणि वयानं मोठ्या सत्यभामाताई फीच्या खिडकीवर. दुपारी एक वाजला की मागच्या कोपऱ्यात, लोखंडी कपाटांच्या आड, तिघींचे डबे उघडायचे, आणि डब्यांच्या आधी तोंडं. सकाळपासून जे मुकाट्यानं गिळलं असेल ते सगळं तिथं बाहेर पडायचं. जेवण त्यानंतर.

गिळण्यासारखं बरंच असायचं. हेडक्लार्क घनश्याम बाबू, ज्यांना सगळे बडे बाबू म्हणत, ते मूळचे रीवाकडचे. बायको-मुलं तिकडे, हे इथं गोंदिया रोडला एका खोलीत एकटे. घरी भांडायला कोणी नाही म्हणून हा माणूस सगळं भांडण ऑफिसात घेऊन येतो, असं अपेक्षाचं ठाम मत. खिशाला कायम लाल पेन. कॉमा चुकला की फाईल परत, मार्जिन कमी पडलं की फाईल परत, आणि फाईल अगदी बरोबर असली तर ती बरोबर कशी काय, या संशयानं परत. वरून एकच वाक्य, "नियम से चलिए." राग आला की आधी कान लाल व्हायचे, मग गाल, आणि मग आवाज सुरू व्हायचा.

एकदा रचना याच लाल कानांची नक्कल करत होती, आणि नेमके बडे बाबू कपाटाला वळसा घालून समोर उभे. रचनाचे हात कानांवरच राहिले. पण अपेक्षा मोठी बिलंदर. तिनं डोळ्याची पापणीही न हलवता वाक्य पुढं नेलं, "आन हे सिलेंडर, बाप्पा, जरा हात लावला की भडकते." बडे बाबूंनी मान हलवली आणि म्हणाले, हाँ, बहुत महंगा हो गया आजकल. ते गेल्यावर तिघी टेबलावर डोकं टेकून पोट दुखेपर्यंत हसल्या. त्या दिवसापासून बडे बाबू सिलेंडर झाले.

एकदा सिलेंडर घरात आलं की बाकीचं सामान यायला किती वेळ? प्रिन्सिपॉलच्या मागं-पुढं करणारा वसंता बाबू झाला तेल. ज्याला कुठल्याही कामाला जुंपता येतं तो क्लार्क रजत झाला बटाटा, बिचारा. आणि प्रिन्सिपॉल महिन्यातून एकदाच दर्शन द्यायचे आणि दिलं की माणूस गार व्हायचा, म्हणून ते लाईटबिल. यातली गंमत अशी की खरा घरखर्चही तिथंच निघायचा. सत्यभामाताईंच्या घरी पाहुणे कधी हटायचे नाहीत, अपेक्षाचा नवरा भाजीत तेल कमी पडलं की ताट सरकवायचा. त्यामुळं कधीकधी त्यांचाच गोंधळ व्हायचा. अपेक्षा म्हणायची, तेलानं वैताग आणला, आणि सत्यभामाताई विचारायच्या, कोणतं बाई, घरचं का ऑफिसचं?

तिघींत रचनाचं तोंड सगळ्यात मोठं. एवढं मोठं की ते ऑफिसात संपायचं नाही, उरलेलं ती घरी घेऊन जायची. संध्याकाळी सासूजवळ, लीलाबाईजवळ, भाजी निवडत बसली की पुन्हा पहिल्यापासून सगळं. आज सिलेंडरनं असं केलं, आज तेल असं म्हणालं. लीलाबाईला या ऑफिसातल्या एकाही माणसाचं खरं नाव माहीत नव्हतं, पण कोणाचा स्वभाव कसा हे विचारलं असतं तर तिनं पाठ म्हणून दाखवलं असतं.

आता मे महिना लागला. या कॉलेजात रचनासारखी कच्ची माणसं बरीच, आणि त्यांची नोकरी दर मे महिन्यात नव्यानं व्हायची. तो कागद बडे बाबूंच्या टेबलावरून जायचा आणि त्यावर ते एक ओळ लिहायचे. ओळ बरी असली तर आणखी एक वर्ष. ओळ वाकडी असली तर जूनमध्ये घरी. तरी रचनाचं तोंड काही बंद होईना. त्या दुपारी तर बडे बाबूंनी तिची परीक्षेची यादी तिसऱ्यांदा परत केली होती, आणि वर प्रिन्सिपॉलही येऊन गेले होते. तिनं डब्याचं झाकण आपटलं आणि सुरू झाली.

"बाई, या सिलेंडरनं मले रडवलं. दोन दिवस बरं चालते, आन तिसऱ्या दिवशी बंद. त्यात लाईटबिल आलं की छातीत धडधड होते. सारा महिना मी बटाट्यावर काढून राह्यली. तेलाले तं हातच लावत नाही. पण असं किती दिवस चालन?"

सत्यभामाताईंनी विचारलं की घरी नवऱ्याला का नाही सांगत. रचना म्हणाली, "आमच्या ह्यांले सांगून का होते? त्यांच्या हातात काय हाय?"

कपाटांच्या पलीकडं बडे बाबू एक जुनी फाईल शोधत उभे होते. आठ वर्षं बालाघाटात काढलेला माणूस, मराठी बोलता येत नसली तरी कानाला सगळी कळायची. त्यांना शब्द न् शब्द समजला. अर्थ तेवढा एकही समजला नाही.

दुसऱ्या दिवशी रचनाची यादी एका फेरीत मंजूर झाली. रचनानं ती उलटसुलट करून पाहिली, कुठं लाल खूण नाही. तिला वाटलं, बाबूंना ताप तर नाही? मग दुपारी ते स्वतः तिच्या टेबलाशी आले, खाकरले, आणि हळू आवाजात म्हणाले, "घर में सब ठीक है न?" रचना सावध झाली. नवीन वर्षाचा कागद पुढच्याच आठवड्यात जायचा होता. बोकडाला कापण्याआधी चारा घालतात, तसलं हे प्रेम, असं तिला वाटलं. तिनं हो सर, सब ठीक है, म्हणून सांगितलं. बाबू तिच्याकडं इतक्या कळवळ्यानं पाहत राहिले की तिला पदर सारखा करावासा वाटला.

शनिवारी भांडं फुटलं. रजत एक पाकीट घेऊन टेबलाटेबलांवर फिरत होता आणि रचना दिसली की पाकीट पाठीमागं लपवत होता. तिनं सत्यभामाताईंना गाठलं. ताईंनी इकडं-तिकडं पाहिलं आणि सांगून टाकलं.

"तुझ्यासाठी वर्गणी होऊन राह्यली. बडे बाबू म्हणे तुझ्या घरी गॅस नाही, तेल नाही, पोरं बटाट्यावर हायेत. मी पन टाकले."

"तुम्ही टाकले? ताई, तुम्हाले तं सारं माहीत हाय."

"मंग का सांगू त्याईले? का रचना उपाशी नाही, तुम्हाले शिव्या देऊन राह्यलती?"

ताईंचं बरोबर होतं. म्हणूनच रचनाला त्यांचा राग आला.

तुम्ही म्हणाल, वर्गणी झाली तर झाली, घ्यावं आणि गप्प बसावं. तसं असतं तर काय पाहिजे होतं? पण रचनाचा नवरा लोकेश हा वॉर्डातल्या विहाराच्या कमिटीचा खजिनदार. त्याचं भरवेली रोडवर मोटर वाइंडिंगचं दुकान. मागच्या वर्षी रस्ता रुंद करताना ते दोन महिने बंद पडलं, तेव्हा वॉर्डात कुजबुज झाली होती की लोकेश बुडाला. कमिटीत एकानं तर तोंडावर म्हटलं होतं की ज्याच्या घरात उंदीर उपास करतात त्याच्या हाती विहाराची पेटी कशाला द्यायची. कमिटीचे अध्यक्ष खेमराजकाका त्याच्या बाजूनं उभे राहिले म्हणून निभावलं. ते बोलणं लोकेशला इतकं लागलं होतं की तो शेजाऱ्याकडं मिठाचा खडाही मागू देत नसे. बुद्ध पौर्णिमेचं खीरदान जवळ आलं होतं, आणि तो रोज संध्याकाळी पावतीबुक घेऊन घरोघरी वर्गणी गोळा करत होता. दुसऱ्यांकडून वर्गणी घेणाऱ्याच्याच बायकोसाठी वर्गणी! हे वॉर्डात कळलं असतं तर त्यानं पेटी विहारात ठेवली असती आणि पुन्हा तिकडं तोंड दाखवलं नसतं.

खरं सांगावं तर नोकरी जाते. गप्प बसावं तर नवऱ्याची मान जाते. आयुष्यात पहिल्यांदा रचनाला आपल्या तोंडाचा पश्चात्ताप झाला.

शेवटी ती बडे बाबूंकडं गेली आणि हात जोडून म्हणाली की माझ्या घरी काही कमी नाही, हे नका करू. बाबूंचे डोळे भरून आले. म्हणाले, स्वाभिमान बड़ी चीज़ है. ती म्हणाली, सर, आमच्या घरी सिलेंडर आहे, भरलेलं आहे. बाबूंनी मान डोलावली, लहान पोरानं जेवलो म्हणून खोटं सांगावं आणि मोठ्यानं ते ओळखावं तशी. ती जितकी नाही म्हणाली तितका त्यांचा विश्वास पक्का झाला. दाराशी जाताना त्यांनी तिला सांगितलं की मांगने वाले को कौन देता है, मैडम, देना तो उसी को चाहिए जो मना करे. रचना बाहेर येऊन पाण्याच्या माठाशी उभी राहिली आणि लागोपाठ तीन ग्लास पाणी प्यायली.

रविवारी सकाळी लोकेश खेमराजकाकांबरोबर वर्गणीला गेलेला. पोरं खेळायला. रचना आंघोळ करून केस पुसत होती तोच दारात ई-रिक्षा थांबली. तिनं खिडकीतून पाहिलं आणि तिच्या हातातला टॉवेल गळून पडला. रिक्षात बडे बाबू, इस्त्रीचा शर्ट घालून. त्यांच्या पायांशी लाल सिलेंडर. मागं रजत, मांडीवर बटाट्यांचं पोतं आणि बगलेत तेलाचा डबा. सगळं ऑफिस सामान होऊन दारात आलं होतं.

ती केस गुंडाळत बाहेर येईपर्यंत लीलाबाईनं दार उघडलं होतं. लीलाबाई ओसरीच्या पायरीवर बसली आणि बाबूंना डोक्यापासून पायापर्यंत निरखू लागली. बाबूंनी नमस्कार केला आणि सांगितलं की ऑफिस से आए हैं, सिलेंडर लेकर.

"हेच का तुमचं ते सिलेंडर?" लीलाबाईनं सुनेला विचारलं. नजर बाबूंवरच.

बाबूंना वाटलं, प्रश्न आपल्याला आहे. "जी अम्मा, यही है. पूरा भरा हुआ."

"भरलेलं तं दिसूनच राह्यलं," लीलाबाई त्यांच्या पोटाकडं पाहून म्हणाली. "पण लालबुंद होते म्हणे."

"घर वाला लाल ही आता है अम्मा. नीला होटल वालों का होता है."

"आन लवकर भडकते म्हणे."

"नहीं नहीं, डरने की बात नहीं. बस ज़्यादा छेड़ना नहीं."

"हेच मी हिले सांगत असते, बाई, काहून छेडतं त्याले. पण हे ऐकते का? रोज संध्याकाळी तेच. आज सिलेंडरनं असं केलं, आज सिलेंडरनं तसं केलं." लीलाबाईनं पुन्हा बाबूंना निरखलं. "वाटलं होतं त्यापेक्षा बरं हाय दिसाले."

बाबू खूश झाले. म्हणाले, हाँ अम्मा, नया ही है, एक दाग नहीं. रचनाला हसू आणि रडू एकदमच आलं, आणि दोन्ही दाबताना तिच्या घशातून भलताच आवाज निघाला. सासूनं हे भोळेपणानं केलं की जाणून, हे तिला आजपर्यंत कळलेलं नाही. विचारलं की लीलाबाई म्हणते, मी तर गॅसचं बोलत होती.

रचनानं पटकन चहा टाकला. मनात एकच, लोकेश यायच्या आत हे लोक आणि हे सामान दोन्ही इथून हललं पाहिजे. तिनं आत आलेल्या रजतला विनवलं की सिलेंडर परत घेऊन जा, पाया पडते. रजत म्हणाला, "कसं नेऊ? सर रागावतील. त्यांच्या घरचं हाय ते." रचनाला कळेना. मग रजतनं सांगितलं की गॅस सिलेंडर वर्गणीत बसत नव्हतं, म्हणून बाबूंनी आपल्या खोलीवरचं दुसरं, भरलेलं, उचलून आणलं. म्हणाले, मैं अकेला आदमी, एक से चल जाता है.

हे ऐकून रचनाला इतकी लाज वाटली की तिनं गॅसची शेगडी बंद केली आणि पुन्हा लावली, उगीचच. ज्या माणसाच्या कानांची तिनं वर्षभर नक्कल केली त्यानं तिच्यासाठी आपल्या चुलीतलं काढून आणलं होतं. हा माणूस दुष्ट असता तर किती बरं झालं असतं, असं तिला वाटलं. दुष्ट माणसाला शिव्या देताना जेवण तरी पचतं.

आणि नेमकं तेव्हाच लोकेश आला. मागं खेमराजकाका, हातात पावतीबुक. दोघं अंगणातच थबकले. ओसरीवर एक अनोळखी बाबू, समोर सिलेंडर, बाजूला पोतं, डबा, आणि रिक्षावाला अजून उभा. शेजारच्या दोन दारांतून दोन तोंडं बाहेर आलेली.

बडे बाबू उठले. माणूस सरळ, त्यांना आडपडदा माहीत नाही. लोकेशचा हात धरून सांगू लागले की संकोच मत करिए भाई साहब, वक्त सबका खराब आता है, ऑफिस आपका परिवार है. लोकेशचा चेहरा उतरत गेला. खेमराजकाकांनी सिलेंडराकडं पाहिलं, मग लोकेशकडं.

"लोकेश, काय हे? तुह्या घरी लोक गॅस आणून देऊन राह्यले, आन तू मले सांगितलं नाही?"

 लोकेशनं हळूच खांद्यावरची वर्गणीची थैली काढली आणि खेमराजकाकांच्या हातात द्यायला पुढं केली. ते पाहिलं आणि रचनाचं सगळं गणित संपलं. नोकरी गेली खड्ड्यात, असं तिनं मनात म्हटलं आणि ती चहाचा ट्रे घेऊन मधोमध येऊन उभी राहिली.

"काका, थैली घेऊ नका. आमच्या घरी काहीच कमी नाही. सर, मी त्या दिवशी घरातल्या सिलेंडरचं बोलत नव्हती. सिलेंडर म्हणजे तुम्ही, सर. तुमचं नाव हाय ते. आम्ही ठेवलं."

बाबूंनी विचारलं, "मेरा?"

मग तिनं सगळं सांगितलं, खाली मान घालून, एका दमात. तेल कोण, लाईटबिल कोण, आणि बटाट्यावर महिना काढला म्हणजे काय. हेही सांगितलं की तेव्हा तिच्या डब्यात वांग्याची भाजी आणि वडे होते.  शेजारचं एक तोंड आत गेलं आणि लगेच आणखी दोन तोंडं घेऊन बाहेर आलं.

"मी तं दारातच सांगितलं होतं," लीलाबाई म्हणाली. "हेच ते सिलेंडर म्हणून."

सगळे बाबूंच्या कानांकडं पाहत होते. कान लाल झाले नाहीत. चेहरा मात्र पडला, आणि क्षणभर ते रीवाहून एकटा आलेला, रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून कोणाच्या तरी घरी जायला निघालेला माणूस दिसले. रचनाला रडू आलं. ती म्हणाली की सर, चुकलं माझं, तुम्ही एवढं केलं आणि मी...  बाबू खाली बसले, ट्रेमधला कप उचलला आणि चहा सावकाश शेवटपर्यंत प्याले.

मग कप ठेवून म्हणाले, "तेल किसे बताया?"

"वसंता बाबू, सर."

बाबूंनी विचार केला. "सही है."

पोत्याशेजारी येऊन उभ्या राहिलेल्या रजतनं विचारलं की म्हणजे बटाटा मी का. खेमराजकाका आधी हसले. मग लोकेश. मग रिक्षावाला, ज्याला यातलं काहीही कळलेलं नव्हतं. बाबूंच्या मिशीखाली काहीतरी हललं, पण त्यांनी ते वेळीच आवरलं.

आता सामानाचं काय करायचं? बाबू म्हणाले, दिलेलं परत नेता येत नाही, नियमात बसत नाही. लोकेश म्हणाला, घरात ठेवता येत नाही, तत्त्वात बसत नाही. दोघंही आपापल्या जागी अडून बसले. शेवटी लोकेशनंच तोड काढली. पौर्णिमेच्या खीरदानाला गॅस लागणारच होता, आणि भाजीला बटाटे न् तेल. त्यानं थैली पुन्हा खांद्यावर अडकवली, खेमराजकाकांच्या हातातून पावतीबुक घेतलं, पायरीवर बसला आणि पावती लिहायला लागला. त्या वेळी त्याची मान इतकी ताठ होती की रचनाला तिथंच सगळं भरून पावल्यासारखं झालं. कोणाच्या नावानं लिहू, असं त्यानं विचारलं.

"सिलेंडर लिही," लीलाबाई म्हणाली.

पावती बाबूंच्या नावानं फाडली गेली. बाबूंनी ती डोळ्यांजवळ धरून वाचली, खिशातलं लाल पेन काढलं आणि परत केली. म्हणाले, इसमें तारीख नहीं है. लोकेशनं मुकाट्यानं तारीख घातली. खेमराजकाका नंतर वॉर्डभर सांगत फिरले की लोकेशच्या बायकोच्या ऑफिसातून विहाराला दान आलं, आणि असा खजिनदार मिळायला भाग्य लागतं.

निघताना बाबू रिक्षात बसले, मग पुन्हा उतरले. रचनाजवळ येऊन, रजतला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "मैडम, आपको क्या लगता है, नाम सिर्फ़ आप ही रखती हैं?"

रचनाला काही कळेना. रजत एकदम रिक्षाच्या चाकाकडं पाहायला लागला.

"पूरे ऑफिस में आपका नाम मिक्सर है," बाबू म्हणाले. "एक बजे चालू होता है. जब तक बंद न हो, कोई उधर जाता नहीं."

"हे नाव मस्त ठेवलं," ओसरीवरून लीलाबाई म्हणाली.

सोमवारी रचना नोकरी गेली असं समजूनच ऑफिसात गेली. टेबलाच्या ड्रॉवरमधलं आपलं सामान, कंगवा, डोकेदुखीचा बाम, सुपारीची डबी, तिनं पिशवीत भरूनही ठेवलं. अकराच्या सुमारास तिचा नवीन वर्षाचा अर्ज बडे बाबूंच्या टेबलावरून परत आला. तिनं तो उघडला. पहिल्याच ओळीत एका कॉमाभोवती लाल गोल होता. तिचा जीव भांड्यात पडला. ज्याला माणूस काढायचा असतो तो कॉमा कशाला शोधेल? खाली, अगदी खाली, बारीक अक्षरात लिहिलं होतं, कार्य संतोषजनक. तिनं कंगवा परत ड्रॉवरमध्ये ठेवला.

एक वाजता तिघी कपाटांच्या आड बसल्या. अपेक्षा आणि सत्यभामाताईंना रचनानं सकाळीच सगळं सांगितलं होतं. तिघींनी डबे उघडले. कोणी काही बोलेना. तेलाचं नाव काढावं तर तेल कोण हे आता सगळ्यांना ठाऊक, आणि घरचं काही सांगावं तर पुन्हा वर्गणी. नुसता चपाती चावल्याचा आवाज येत होता. असा किती वेळ गेला असेल कोण जाणे, पण ऑफिसातल्या बाकीच्या टेबलांवर हळूहळू माना वर झाल्या आणि सगळे कोपऱ्याकडं बघायला लागले.

मग कपाटांच्या पलीकडून बडे बाबूंचा आवाज आला.

"क्या हुआ? आज लाइट नहीं है क्या?"